मुद्देमाल क्रमांक एकशे बारा

किसुमूच्या ठाण्यामागे अठ्ठेचाळीस मोटरसायकली उभ्या आहेत,
म्हणजे होत्या कधीकाळी उभ्या;
आता एकमेकींवर रेललेल्या, चाकांतून वेल वर गेलेला,
एकीच्या टाकीखाली कोंबडीनं संसार थाटलेला.
सरोवरावरून येणारा वारा दमट. गंज
आमच्यापेक्षा इमानानं ड्युटी करतो.

वही माझ्याकडे.
कुठे सापडली, कोणाकडून जप्त, मालक कोण.
शेवटच्या रकान्यात तीन वर्षं एकच शब्द: बेवारस.
हल्ली तो हातच लिहितो, मी नाही.

नोटीस पेपरात आली, फाटकावर लागली,
चर्चच्या दारावरही. मुदत संपली.

सोमवारी आपोंडी आली, होमा बेहून, पहिल्या मटाटूनं.
वही मागितली नाही. सरळ एकशे बारापाशी गेली,
सीटवर हात फिरवला.
"ही शिवण माझी.
फाटली तेव्हा जाळ्याच्या निळ्या दोऱ्यानं शिवली.
तेरा टाके. शेवटची गाठ उलटी पडली,
दिव्यातलं तेल संपलं होतं."
मी मोजले. तेरा.
गाठ उलटी.

कागद?
भावानं रोख घेतलेली, भर बाजारात,
साक्षीदार एक, तोही आता युगांडात.
भाऊ कुठे, ते मी विचारलं नाही.
साहेब आवाज मऊ ठेवून म्हणाले,
टाके हा पुरावा होत नाही, बाई.

बुधवारी लिलाव. म्बुगुआ हातोडा विसरून आला,
टाकीवर पाना आपटून बोली चालवली.
भंगारवाला म्हणाला, नऊ हजार.
आपोंडीनं कमरेच्या लेसोची गाठ सोडली.
साडेनऊ.
भंगारवाल्यानं तिच्याकडे पाहिलं, मग सीटकडे,
मग उगाचच, न वाजलेला मोबाईल कानाला लावला.
एक वार.
दोन वार.
म्बुगुआनं पाना वर धरला, जरा जास्तच वेळ.
तीन वार.

पैसे सरकारजमा. पावती मी फाडली.
नाव विचारलं, ठाऊक असून.
तिनं पावती वाचली, उलटी करून पाहिली, पुन्हा वाचली.
"आता कुणी चोरली," म्हणाली, "तर दाखवायला झालं."

दोन्ही टायर बसलेले. तिनं ढकलली,
फाटकापर्यंत मी मागून जोर लावला.
परतलो, तर कोंबडी कलकलत फिरतेय
एकशे बाराच्या रिकाम्या चौकोनात,
मधोमध चार अंडी, उघडी, अजून ऊबदार.

वही उघडून बसलोय केव्हाचा.