झाकली मूठ

ओल्डबरीत कालव्याच्या डोक्यावरून
मोटरवे खांबांवर चालत जातो,
त्याच्या सावलीत आमचं प्रेस-शॉप.
फाटकाशी हिरवा फलक : 'अपघाताविना दिवस',
पुढे तीन खिळे.
पावणेसहाला आकडा बदलणं माझ्याकडे.
बोटं गारठलेली, पत्र्याच्या आकड्यांचा डबा काखेत,
चारशे अकरातला शेवटचा एक काढायचा,
दोन अडकवायचा.

पाचशेला सगळ्यांना जाकिटं मिळणार होती,
आतून लोकर, पाठीवर कंपनीचं नाव.
मापंसुद्धा घेऊन झालेली.

त्या मंगळवारी डेस्मंड पार्किंगमध्ये
स्वतःच्या गाडीत बसलेला दिसला.
इंजिन बंद, काचांवर वाफ,
उजवा हात खिशात.
म्हणाला, काही नाही, दारात चेमटलं.
खिशातून डोकावणाऱ्या रुमालाला
प्रेसच्या तेलाचा वास होता.
कुठल्या दारात, ते मी विचारलं नाही.
हे इथे लिहिते,
कारण दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही.

आमच्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची.
इथे ही म्हण कोणाला ठाऊक नाही,
पण अख्खा कारखाना तिच्यावर चालतो.

लपवा, असं कधी कोणी म्हणालं नाही.
ग्लिन सुपरवायझर तर भला माणूस,
परसातले लीक कागदात गुंडाळून आणतो, वाटतो.
फक्त जाता-जाता हसून म्हणतो,
'जाकिटांचं लक्षात आहे ना, पोरांनो?'
आणि नोंदवहीत
'काय झालं' याला दोन ओळी,
'चूक कोणाची' याला अर्धं पान.

चार नंबरच्या प्रेसची जाळी उघडली
की यंत्रानं थांबायला हवं.
ते थांबत नाही.
सेन्सरला चिकटपट्टीनं बांधलंय फ्रिजवरचं चुंबक,
कोणाच्या तरी टेनेरीफच्या सुट्टीतलं :
ताडाचं झाड, निळा समुद्र.
पट्टी दर सोमवारी नवी असते.
कोण बदलतं? कोणी नाही.
मीही रोज त्या समुद्रावरून जात होते.

टिली शिकाऊ. अठराची. तिसरा आठवडा.
सकाळच्या उभ्या सभेत तिनं हात वर केला,
शाळेत करतात तसा :
'ते ताडाचं झाड कशासाठी आहे?'

नाडी नसलेल्या बुटाची नाडी बांधायला
कोणीतरी वाकलं.
ग्लिन कपात बघत राहिला, कप रिकामा होता.
वर मोटरवेवरून एक ट्रक गेला,
मग दुसरा.
मग डेस्मंडनं खिशातून हात काढला
आणि मूठ उघडली.
सव्वा लाख नव्हते.
दोन बोटांना घरचा कापूस होता,
आणि नखांच्या जागी
जे होतं, ते टिलीनं पाहिलं
आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवशी तीन शून्यं लावायला गेले
तर डब्यात शून्यं दोनच.
डबा घेणाऱ्याच्या डोक्यात
ही सकाळ आलीच नव्हती.
सहाची पाठ कोरी होती,
तिच्यावर मार्करनं शून्य काढलं.
जरा वाकडं आलं.

जाकिटं परत गेली.
कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलाच्या खुर्च्या
दुसऱ्या टेबलांकडे सरकल्या, अजून तिथेच आहेत.
टिलीला कोणी 'ताड' म्हणतं, ती ओ देते.
वहीत मात्र पाच नोंदी झाल्या,
एक ग्लिनच्या हातची : 'पायरीवर तेल. घसरलो. मीच.'

आज सहावा दिवस.
सहा तर शून्य होऊन लटकलाय,
म्हणून नऊ उलटा करून तारेनं बांधला.
दुपारी वाऱ्यानं तो फिरला, पुन्हा नऊ झाला,
तीन दिवस फुकटात.
डेस्मंड फाटकातून येताना थांबला,
बँडेजच्या हातानं त्याचा सहा केला
आणि काही न बोलता आत गेला.