हिरवा चिमटा

त्रिएस्तेत सायकल बांधायची तर आधी वाऱ्याला विचारावं लागतं.
मी विचारलं बोगदानला,
ज्याच्या दुकानात ऊन साडेतीनला येतं
आणि चारला निघून जातं, उधारी मागून थकल्यासारखं.

सांगाडा होता माझ्याकडे:
निळा, हलका, ट्रॅकवर पळून आलेला,
मामेभावाने पत्त्यांत जिंकलेला.
चिमटा क्रोमचा, सरळ, ताठ,
माथ्यावर भोक नाही.
भोक नाही म्हणजे ब्रेक नाही
आणि मला तेच हवं होतं.
"पाय आहेत की," मी म्हटलं.
"चाक फिरतं तोवर पाय फिरतात,
पाय अडले की चाक अडतं.
मध्ये दलाल कशाला?"

बोगदान हसला नाही.
त्याने चिंधीला हात पुसले, मग हाताला चिंधी.
"चाकांपासून सुरू कर."

मी बोट दाखवलं त्या उंच काठांच्या काळ्या रिमांकडे,
थाप मारली की ढोलासारख्या घुमणाऱ्या.
त्याने एक उचलून दारात धरली.
बोरा अजून डोंगरावर नुसता खाकरत होता,
तरी चाक त्याच्या हातात मान वळवून
समुद्राकडे बघू लागलं.
"हे शीड आहे. जानेवारीत
तू दातांची डबी घेऊन कोपऱ्यावर वळशील
आणि व्हेनिसला पोचशील."

दातांची डबी, हो. मी दात वाहते.
लॅबमधून दवाखान्यांत: कवळ्या, दाढा, एकटेदुकटे सुळे,
कापसात निजलेले,
प्रत्येक डबीवर कुणाचं तरी नाव,
कुणीतरी आज पातळ सूप पिऊन वाट बघतंय.

मग बुटक्या काठाची चाकं. छत्तीस तारा,
प्रत्येक तार तिघींना ओलांडून जाणारी.
तो जोडीजोडीने त्या चिमटीत दाबत गेला.
एक बद्द वाजली.
तिला पाव फेरा. पुन्हा थोडा.
आता ती शेजारणींच्या सुरात.

चाकांवर मी हरले. चिमट्यावर हटून बसले.
"यालाच भोक पाड."
"नाही."
"ड्रिल तर समोर आहे."
"याचं पोलाद भोकासाठी जन्मलेलं नाही.
आज मी पाडीन, उद्या तू ब्रेक दाबशील,
परवा मी फुलं आणीन."
"मग ब्रेकच नको."

तेव्हा त्याने दोन बोटं तोंडात घातली,
समोरचे दोन दात काढले
आणि काउंटरवर ठेवले, नटांच्या ताटलीशेजारी.
"थ्काला थान्ता," तो म्हणाला.
स्काला सान्ता: तो उतार, जिथे बकरीसुद्धा विचार करते.
वय बावीस. ब्रेक नाही. चेन निसटली.
चेन निसटली की पाय चाकाचे राहत नाहीत,
नुसते तुझे.

मी ते दात ओळखले.
खोटं कशाला, दात नाही, काम ओळखलं:
हिरडीच्या कडेची ती गुलाबी
आमच्या लॅबमध्ये ओर्नेला एकटीच लावते.

माळ्यावरून त्याने दुसरा चिमटा काढला,
कच्च्या अंजिराच्या रंगाचा,
पुढे जरा जास्त वाकलेला, खड्डे आधी स्वतः गिळणारा.
निळ्याला शोभेल असा एक गुण नाही.
माथ्यावर भोक.
"ब्रेक एकच, पुढचा," त्याने दात परत बसवले.
"मागे तू आहेसच."

काल बोरा पुरता उतरला. फुटपाथवर
माणसं भिंती धरून चालत होती.
मी उतारावर, पाय चाकाशी हुज्जत घालत,
चाक बरंचसं ऐकत.
वळणावर एक बाई, उलट्या छत्रीमागे धावत,
थेट रस्त्यात.
दोन बोटं आवळली, एवढंच.
डबीत सिन्योरा कोसुतांच्या दाढा
एकदा खुळखुळल्या.
छत्री गेली. बाई राहिली. मला शिव्या देत राहिली.

क्रोमचा चिमटा स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलाय.
अजूनही त्याच्याइतकं देखणं घरात काही नाही.
त्यावर फडका लवकर वाळतो.