ओळ एकतीस, मणी बारा

गाब्रोवोचे लोक चिक्कू, असं अख्खा देश म्हणतो.
दार लवकर मिटावं, ऊब वाया जाऊ नये
म्हणून आम्ही मांजरांची शेपटं कापतो म्हणे.
मी त्यातलाच. फेकवत नाही काही.

पहिला संगणक शाळेच्या कोळशाच्या खोलीत सापडला,
दोन बाटल्या राकियावर सौदा पटला.
दुसरा भंगारवाल्याच्या काट्यावरून उचलला,
तांब्याच्या भावाने.
मग मोजणं सोडलं.
पिवळी पडलेली खोकी अंगणात उन्हाला मांडतो,
त्यांना केसांचं पेरॉक्साइड फासतो,
आणि मार्गारिता खिडकीतून म्हणते,
माझ्या डोक्याला नाही लावलंस कधी इतक्या मायेनं.

म्युझियमंही हिंडलो, पार सेगेदपर्यंत.
तिथली यंत्रं स्वच्छ, इस्त्री केल्यासारखी, बंद.
पाहुण्यांसाठी राखलेल्या कपबशा जशा.
माझी चालतात. म्हणजे, बहुतेक चालतात.
बटण दाबलं की तापल्या धुळीचा वास येतो
आणि मी सतरा वर्षांचा होतो.
तेवढ्यासाठी हा खटाटोप.

त्यात हे एक, कपाटाएवढं,
ज्याची स्मृती हाताने ओवलेली.
मोहरीहून बारीक चार हजार शहाण्णव मणी,
प्रत्येकातून केसासारख्या तारा.
वीज गेली तरी ती विसरत नाही.
वाचली मात्र की पुसली जाते;
वाचणाऱ्याने लगेच पुन्हा लिहून ठेवायची.

एकच मणी दाद देत नव्हता.
ओळ एकतीस, मणी बारा.
एक लिहिला तरी शून्यच सांगे.
दोन हिवाळे मी त्याच्या नादात घालवले.
डाख पुन्हा दिला, तारा तपासल्या, शिव्या घातल्या,
पूर्वी हा धड होता, माझ्याच हातून बिघडला
या समजुतीने झोप उडाली.

मार्चमध्ये नेद्याल्काबाई आल्या.
नातवाला लघवीला लागली होती म्हणून आत शिरल्या.
जाता जाता काचेपाशी थबकल्या,
पिशवीतून चष्मा काढला, त्यावर दुसरा चढवला.
"दिवा इकडे धर," मला म्हणाल्या,
जणू मी कारखान्यातला शिकाऊ पोरगा.
बराच वेळ ओठ हलत राहिले. मोजत होत्या.

"ही माझी नाही. ही रोसित्साची.
डावखुरी होती. बघ, तिची तार उलट्या बाजूने शिरते.
आम्ही अकराजणी एका बाकावर.
तासाला पाच मिनिटं डोळे मिटायची परवानगी.
बोलायचं नाही, श्वासाने मणी उडायचे."

मी त्यांना तो मणी दाखवला.
त्या हसल्या. आधी तोंडावर हात धरून, मग उघड.
"हा? हा तर तेव्हाच चिरलेला.
महिन्याची तीस तारीख, आकडा गाठायचा होता.
तपासनीस कोस्तादिन दुसरीकडे बघून खोकला
आणि शिक्का मारला.
रोसित्सा रडली घरी जाताना.
मग आम्ही सगळ्या बोझा प्यायला गेलो."

चाळीस वर्षं.
जे कधी नव्हतंच
ते मी परत आणत बसलो होतो.

रोसित्साचं पुढे काय झालं, मी विचारलं.
नेद्याल्काबाईंनी चष्मा पुसला. एक, मग दुसरा.
"पोरगा कुठे गेला?" म्हणाल्या.
तो आतल्या खोलीत, माझ्या सगळ्यात महागड्या कीबोर्डवर
स्वतःचं नाव बडवत होता. चुकीचं.

संध्याकाळी कपाटावरचं कार्ड बदललं.
वजन तेच, साल तेच. खाली शाईने लिहिलं:
ओवणारी रोसित्सा, डावखुरी.
ओळ एकतीस, मणी बारा, जन्मापासूनचा.
दुरुस्त करू नये.

आडनाव विचारायचं राहून गेलं.
आणि तिकिटाचे पैसेही.