स्थळपाहणी

सकाळी सव्वासहा. चौफुलीवर
रात्रीचा पिवळा अजून उघडझाप करतोय.
मुसा शिडी चढतो, मी खाली धरते.
शिडीची गाडी मार्चपासून टायरविना उभी आहे,
तिच्या लॉगबुकातही महिन्याला माझीच सही.

"मॅडम, लालमध्ये गांधीलमाश्या हायेत."
असणारच. तिघांत लालच जास्त वेळ पेटतो,
ऊब तिथंच.
मुसा धूर करत नाही. पेचकसानं दोनदा ठोकतो
आणि थांबतो,
भाडेकरूनं आपणहून निघावं म्हणून
ओट्यावर बसलेल्या घरमालकासारखा.
मग काच पुसतो. फडकं काळं.
एमआयडीसीतल्या भट्ट्यांची काजळी ही,
लालवर बसते तशी हिरव्यावरही.

गेल्या वर्षात सत्तावीस खांब गेले.
फलक नाही, नुसते खांब.
फलक चोर नीट कडेला ठेवून जातात, उताणा,
'वेगमर्यादा ४०' आभाळाला दाखवत.
जालन्यात लोखंड हरवत नाही,
वितळतं.
नाल्यावरच्या पुलासाठी सळ्या उतरल्या तेव्हा
लिंबाजी पेंटरनं एक उचलून बघितली.
"मॅडम, ही आपलीच वाटायलीय."
हसलो सगळे.
पंचनाम्यात त्याला रकाना नाही.

आणि फ्लेक्स. कुणी एक भाऊ
हिरव्या दिव्यासमोर हात जोडून उभे.
फोन केला तर म्हणाले,
काढतो की, पण परवा. उद्या केक हाय.

आजचं खरं काम मात्र अनुक्रमांक एकशे त्रेचाळीस.
कुंडलिकेपलीकडे, जुन्या जालन्यात.
'पुढे शाळा आहे.'
पुढे शाळा नाही.
पट अकरा, मग चार, मग कुलूप,
आता सरकीच्या पोत्यांचं गोदाम.
परिपत्रक सांगतं, वस्तुस्थितीशी न जुळणारे फलक
सात दिवसांत उतरवून भांडारात जमा करावेत.

फलकावर दोन लेकरं.
पोरीच्या दप्तराला गंज,
पोराचा पाय गुडघ्यापासून सोलून गेलेला,
तरी पळायलेत.

मुसानं पाना लावला. चार बोल्ट. तीन सुटले.
लिंबाजी खालून बघत होता.
"'शाळा'ला मी दोन काने दिले होते तवा.
हेडमास्तर स्वतः रॉकेलचा बोळा घेऊन आले,
एक पुसून घेतला, मग चहा पाजला."
खरंच, 'ळा'च्या पुढं
एक फिकट उभी रेघ अजून आहे.

तेवढ्यात सळ्यांचा ट्रक आला,
शेपटाला लाल चिंधी.
फलकापाशी त्यानं गिअर टाकला, हळू झाला.
मागून काळीपिवळी, ती पण.
मग दुधाच्या कॅनची मोटारसायकल.
एका बोल्टावर लटकलेला फलक
तिरका झालेला,
लेकरं आता उतारावरून पळत असल्यासारखी,
आणि तरी सगळे हळू.
गोदामाच्या फाटकातून हमालाची पोरगी निघाली,
हातात बापाचा रिकामा डबा,
रस्ता ओलांडून गेली.
इकडंतिकडं बघितलंसुद्धा नाही तिनं.

मी वही उघडली.
एकोणीस वर्षांत खोटी नोंद केली नव्हती,
निदान फलकांच्या वहीत नाही.
लिहिलं: 'सुस्थितीत. रंगकाम आवश्यक.'
मुसा काही न विचारता
तीन बोल्ट परत आवळू लागला.
लिंबाजी म्हणाला, पाय मी देतो त्याला, पांढरा उरलाय थोडा.

परतताना चौफुलीला लाल.
थांबले. मागून हॉर्न,
"अवो मॅडम, पोलीस नाय!"
टायमरच्या एकंकाची मधली काडी जळलीय,
आठाचा शून्य दिसतो,
त्यामुळं एका मिनिटात पन्नास दोनदा येतात.
मुसाला आणि मलाच ठाऊक आहे ते.
मागचा पहिल्या पन्नासला वैतागून निघून गेला.
मी दुसऱ्याची वाट बघत बसले.