फ्री-थ्रोची रेघ

वादळानं देवळाचं छप्पर नेलं, त्याला आता तेरावा महिना.
घंटा वाचली, पण ती टांगायला मनोरा उरला नाही.
म्हणून रविवारची मिस्सा बास्केटबॉलच्या मैदानात,
वेदी थेट हूपच्या खाली,
जाळीला गेल्या मॅचची रिबीन तशीच.

मी कोन्सोर्सिया. वेदीची वस्त्रं धुते, एकोणपन्नास वर्षं.
पहिलं पाणी मोरीत नाही ओतायचं, मातीत ओतायचं.
एखादा कण असतो त्यात.
कण म्हणजे सगळाच तो.

आणि आता हे बघा :
रबरी चपला. अर्ध्या चड्ड्या.
कुणाचं पोर वेदीच्या पायाशी आंबा चोखतंय,
शुभवर्तमान चालू असताना पिवळी कुत्री जांभई देते,
आणि पाद्री एलिसेओ थांबून तिला म्हणतो,
"संपवतोच हं बाई."
सगळे हसतात.
माझ्या ओठांना देवापुढे ती सवय नाही.

सगळ्यांत पुढे वेन्सी, सतरा नंबरची जर्सी,
कालच्या घामासकट.
म्हटलं, "गव्हर्नरकडे असा जाशील का रे?"
म्हणाला, "लोला, गव्हर्नर कधी आमच्याकडे आला?"

माझ्या लहानपणी पाद्री पाठमोरा असायचा.
लॅटिन धुपाबरोबर वर जायची, खाली काही यायचं नाही.
पण शांतता होती. ती मला अजून हवी आहे,
म्हातारीचा हट्ट म्हणा.
खरं तर बापे बाहेर बदामाखाली
कोंबड्यांच्या झुंजीचे पैसे मोजत असत,
घंटा वाजली की एकच गुडघा, तोही रुमालावर,
पँट मळू नये म्हणून.
आणि मी लेसच्या ओढणीआडून
सिसेनान्दोची मान बघायची.
पुढे लग्न झालं त्याच्याशी, ते वेगळं.

गेल्या रविवारी ख्रिस्तशरीर खाली पडलं.
हातावर घेणाऱ्या पोरांच्या हातून नाही.
माझ्या जिभेवरून.
कवळी नवीन होती.
वारा होता. ते चाकासारखं गडगडत गेलं
फ्री-थ्रोच्या रेघेपर्यंत,
आणि कुत्री उठली.

वेन्सी आडवा झाला.
गुडघ्यावर नाही, सबंध, पालथा, सिमेंटवर,
दोन्ही तळव्यांची ओंजळ उपडी करून,
पिल्लू झाकावं तशी, स्पर्श न करता.
दीक्षेच्या दिवशी पाद्री असे झोपतात म्हणे.
मी काही पाहिलेलं नाही.
मैदानात आंबा चोखण्याचा आवाजसुद्धा बंद.

एलिसेओनं ते उचललं, स्वतः ग्रहण केलं.
मी त्या जागी पाणी घातलं, टिपलं, पुन्हा घातलं.
सिमेंट काही पीत नाही.
फडकं केळीच्या बुंध्याशी पिळायचं ठरलं,
घमेलं वेन्सीनं घेतलं,
चपला फटक फटक वाजवत माझ्यापुढे चालला.
मी काही बोलले नाही.
बोलायला कवळी खिशात होती.

संध्याकाळी नेहमीसारखा खेळ.
बारा पोरांचे चोवीस पाय त्या रेघेवरून,
ओल केव्हाच वाळलेली.
शेवटच्या मिनिटाला वेन्सीला दोन थ्रो मिळाले.
तो रेघेच्या मधोमध उभा राहीना,
वीतभर डावीकडे सरकला, तिरपा,
आणि दोन्ही चुकले.
मित्रांनी आयाबहिणी काढल्या.
हरले, एका गुणानं.

मी बाकावर वस्त्राची घडी घालत होते,
तीन उभ्या, तीन आडव्या,
मधला चौकोन आत.