पिळाचा तराजू

फ्रायबर्गची जुनी चांदीची खाण.
चांदी संपली, अंधार उरला,
त्यात एका तारेला टांगलेला आमचा तराजू.
तार केसाहून बारीक.
वर स्टेशनात मालगाडी शिरली
तरी तिला खाली हुडहुडी भरते,
म्हणून आम्ही मोजतो रात्री, दोन ते चार.

ओस्विन ट्रेप्टे मार्चमध्ये आला,
केम्नित्सहून, बसने, पेटी मांडीवर घेऊन.
एकाहत्तर वर्षांचा. जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेले.
पेटी तांब्याची, एकीकडे रुंद, एकीकडे निमुळती,
सांधे असे की माझ्या बोटाला सापडेनात.
आत लहरी कोंडायच्या, म्हणाला,
रुंद भिंतीवर त्या जरा जास्त आपटतात
आणि पेटी सरकते.
काही न जाळता. मागे काही न फेकता.

मी म्हटलं, होडीत बसून होडी ढकलता येत नाही, हेर ट्रेप्टे.
तो म्हणाला, ढकलून पाहिलीय?

पाहिली होती.
सात वर्षांची मी, एल्बच्या काठाशी बाबांच्या होडीत,
दोन्ही तळव्यांनी पुढची फळी रेटत.
होडी हलली. मी किंचाळले.
बाबा म्हणाले, पाणी हललं, गुद्रून.
हे मी त्याला सांगितलं नाही.

पहिल्या रात्री आकडा आला.
डासाच्या एका पायाचं वजन असेल, नसेल,
पण आला.
यारोमिरचा घास तोंडातच थांबला.
ट्रेप्टेनं चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.
आणि मी,
जिला नाही म्हणायचाच पगार मिळतो,
पाव गुंडाळलेल्या कागदावर हिशेब करत बसले:
एवढासाच रेटा, पण न थकता, न झोपता,
दिवसामागून दिवस, वर्षामागून वर्ष.
पहाटे चारला मी शनीच्या पुढे होते.
कागदाला लोणी लागलेलं.

दुसऱ्या रात्री पेटी उलटी बसवली.
रेटाही उलटायला हवा.
उलटला नाही.
तिसऱ्या रात्री पेटी काढूनच ठेवली,
तिच्या जागी एक मुका रोधक,
जो फक्त तापतो, ज्यात एकही लहर राहत नाही.
आकडा तोच.
पेटी नव्हती, तरी पेटी रेटत होती.

सापडलं ते वीज नेणाऱ्या तारांत.
बोटभर जाडीच्या दोन तारा, एकमेकींपासून फटकून,
आणि त्यांच्यावर ते बळ
जे होकायंत्राची सुई फिरवतं.
पृथ्वी सोडून जायचं यंत्र मोजत होतो आम्ही
आणि पृथ्वीच त्याला हळूच
पदराला धरून ओढत होती.

यारोमिरनं दोन्ही तारा एकमेकींत पिळल्या.
आकडा मेला.

पिंजऱ्यातून वर येताना ट्रेप्टेला सांगितलं.
बराच वेळ साखळीचा आवाज.
मग त्यानं विचारलं, शून्य म्हणजे किती शून्य?
खोटं बोलता आलं असतं.
म्हटलं, आमच्या तराजूला दिसतं त्याहून कमी.
त्यानं मान हलवली, मी काही हातात ठेवल्यासारखी.
म्हणजे जागा आहे, म्हणाला.
सुईच्या टोकाएवढी, म्हटलं.
सुंभ जळेल, पीळ जायचा नाही, असं मनात आलं,
कुणाबद्दल ते तेव्हा नीट कळलं नाही.

अहवालात लिहिलं: रेटा आढळला नाही.
"नाही" असं लिहिलं नाही. आढळला नाही.
एवढा एक शब्द माझ्या नावावर आहे.

ऑक्टोबरात त्याचं पत्र. पेनाने, तिरकं.
आतून चांदीचा मुलामा दिलाय आता.
येऊ का?
नोव्हेंबरची एक रात्र कळवली.
मग तारेच्या कारखान्याला फोन केला,
आहे त्याहून निम्म्या जाडीची मागवली.
यारोमिर म्हणाला, त्याला खोटं ठरवायला, की?
मी त्याला पट्टी आणायला पिटाळलं.
पावाचा तो कागद
अजून खणात आहे, डाग वर करून.