कितीक देते

हेमराज कापगते गाडीभोवती फिरतो,
एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून,
टायर अंगठ्याने दाबतो
आणि विचारतो, "कितीक देते जी?"

अकरा वर्षं हाच प्रश्न ऐकला मी
गोठ्यागोठ्यात, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून.
विकणारा दोन लिटर वाढवून सांगायचा,
घेणारा मनातल्या मनात तीन कमी करायचा,
आणि मग दोघंही माझ्याकडे बघायचे.
मी ढोरांची डॉक्टर. आज विकणारीही मीच.

तर ऐका.
साकोलीपर्यंत हायवेने अठरा.
धानाच्या बांध्यांमधून, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात, चौदा.
एसी लावला तर बारा,
आणि मे महिन्यात एसी लावूनसुद्धा
स्टिअरिंग ओढणी गुंडाळून धरावं लागतं.

सकाळी थंड असली की दुसरा गिअर अडतो.
ओढू नका. आधी तिसऱ्यात नेल्यासारखं करा, मग मागे आणा,
अडेल गाय जशी आधी भलत्याच दाराकडे वळवतात.

क्लच प्लेट बासष्ट हजाराला बदलली.
जुनी इस्राइल मिस्त्रीने माझ्या हातात ठेवली,
पापडासारखी झिजलेली.
"मॅडम, अर्धा पाय सदा याच्यावरच असते तुमचा."
खरं होतं.
रस्त्यात कोण कुठे हात दाखवेल, नेम नसायचा.

ऑइल पाच हजाराला. पुस्तकात दहा लिहिलंय;
लिहिणाऱ्याने आपला फुफाटा पाहिलेला नाही.
राईस मिलजवळ उभी करू नका, उंदरांनी दोनदा वायरिंग खाल्लं.
मोहाखाली तर नाहीच.
बोनेटवर या चार रेघा दिसतात ना,
त्या अस्वलाच्या आहेत.
हसा. तुमचे भाऊही हसले होते.

मागच्या सीटवरचा गोल वण नायट्रोजनच्या भांड्याचा.
शेजारचा डाग शेळीचा. दोन पिल्लं झाली तिला तिथे,
चढावर, वायपर बंद पडलेले असताना.
वायपर नवे आहेत. डाग जाणार नाही.

त्याने किल्ली मागितली.
मी डावीकडे बसले. या गाडीत
मी कधीच डावीकडे बसले नव्हते.
तळ्याची पाळ इकडून अगदी जवळ दिसते,
आणि माझ्या गुडघ्यापाशी कुठेतरी
खुळखुळ, खुळखुळ, प्रत्येक खड्ड्याला.

"हा आवाज?"
"माहीत नाही," मी म्हणाले.
इतक्या सगळ्या खऱ्या उत्तरांत
नेमकं तेवढंच त्याला खोटं वाटलं.
पाच हजार कमी केले त्याने. मी हो म्हणाले.

संध्याकाळी गाडी रिकामी करताना
डाव्या दाराच्या खणात, बदलीच्या अर्जाच्या झेरॉक्सखाली,
कॅल्शियमची रिकामी बाटली सापडली,
गेल्या पावसाळ्यात कोणत्या तरी आडव्या पडलेल्या गाईला लावलेली.
मी ती पर्समध्ये टाकली.

हेमराजला फोन करायला हवा होता. केला नाही.
उद्या तो गाडी घेऊन निघेल, आवाज नसेल,
आणि निदान महिनाभर तरी
काच खाली करून, रेडिओ बंद ठेवून,
कान देऊन चालवेल.